मानेचा मान

(वाढत्या वयात शरीराला जशी सवय लावावी, तसे ते घडते. मान पुढे का झुकते, मानेमागे उंचवटा का दिसतो, त्यावर घरच्या घरी काय करता येते आणि डॉक्टरांकडे केव्हा जावे, हे प्रस्तुत पाठात सांगितले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, मराठीतील 'मान' हा शब्द मोठा गमतीचा आहे. 'तो मान' म्हटले, की त्याचा अर्थ इज्जत. 'ती मान' म्हटले, की त्याचा अर्थ गर्दन. लिंग बदलले, की अर्थही बदलतो. 'पाठ' या शब्दाचेही तसेच आहे. 'तो पाठ' म्हणजे सबक आणि 'ती पाठ' म्हणजे आपल्या शरीराची मागची बाजू. आज आपण 'तो पाठ' वाचणार आहोत, पण 'ती पाठ' आणि 'ती मान' यांच्याविषयी.

आता एक काम करा. हा पाठ वाचताना तुम्ही कसे बसला आहात, ते पाहा. हलू नका. तुमचे कान खांद्यांच्या वर आहेत, की खांद्यांच्या पुढे गेले आहेत? पुष्कळांचे कान पुढे गेलेले असतील. पाठ गोल झाली असेल. अशा बसण्याला मराठीत 'पोक काढून बसणे' म्हणतात. घरातील मोठी माणसे म्हणतात, "पोक काढू नकोस, सरळ बस." आपण क्षणभर सरळ होतो आणि पुन्हा तसेच बसतो. असे का होते?

आपल्या पाठीचा कणा छोट्या छोट्या मणक्यांचा बनलेला आहे. त्यांपैकी मानेत 7 मणके असतात. जिराफाची मान एवढी लांब, पण तिच्यातही 7 च मणके! या 7 मणक्यांवर आपले डोके तोललेले असते. मोठ्या माणसाच्या डोक्याचे वजन साधारण 5 किलो असते. डोके खांद्यांच्या बरोबर वर असले, की हे वजन मणक्यांवरून सरळ खाली उतरते. मानेच्या स्नायूंना फारसे कष्ट पडत नाहीत.

डोके पुढे झुकले, की मात्र हिशेब बदलतो. पाण्याने भरलेली बादली अंगाजवळ धरून उभे राहा. मग तीच बादली हात लांब करून धरा. बादलीतील पाणी वाढले नाही, पण हात लगेच भरून येतो. मानेचेही तसेच होते. न्यूयॉर्कमधील मणक्याचे शल्यविशारद केनेथ हंसराज यांनी 2014 साली याचे गणित मांडले. त्यांच्या हिशेबाप्रमाणे मान 15 अंशांत झुकली, तर मानेवर सुमारे 12 किलो भार येतो. 30 अंशांत तो 18 किलो होतो, 45 अंशांत 22 किलो आणि 60 अंशांत 27 किलो. 27 किलो म्हणजे तांदळाच्या 25 किलोच्या पोत्याहूनही जास्त! हे गणिताने काढलेले आकडे आहेत, प्रत्येकाची मान मोजून काढलेले नाहीत. तरीही मांडीवर मोबाइल ठेवून तासभर पाहत बसणाऱ्याची मान का अवघडते, ते यावरून समजते.

आता मानेमागच्या उंचवट्याकडे वळू. मान थोडी पुढे झुकवा आणि मानेच्या तळाशी मधोमध बोट फिरवा. एक टणक हाड हाताला लागेल. तो बहुधा मानेचा सातवा मणका असतो. तो सर्वांनाच असतो. त्याला पाहून घाबरू नका. मान सतत पुढे राहिली, की हा मणका अधिक वर आल्यासारखा दिसतो. छातीचे स्नायू आखडतात, पाठीचे स्नायू ताणलेले राहून थकतात आणि मानेच्या आतले छोटे स्नायू दुर्बल होतात. समोरचे दिसावे म्हणून आपण हनुवटी वर उचलतो. त्यामुळे मान खालून पुढे आणि वरून मागे, अशी दोन ठिकाणी वाकते. सरळ बसायला सांगितले, तरी आपण फार वेळ तसे बसू शकत नाही, याचे एक कारण हे आहे. आपल्याला इच्छा नसते असे नाही. त्या स्नायूंना सवय नसते.

मान वाकवणे हे काही मोबाइलबरोबर आलेले नाही. आपल्या मुंबईचा इतिहास पाहा. परळ, लालबाग, भायखळा या भागांत एके काळी कापडगिरण्यांचे भोंगे वाजत. मदनपुऱ्यातील मोमीन विणकर आणि कोकण व देशावरून आलेले कामगार साच्यांवर उभे राहत. तुटलेला धागा जोडायचा, तर वाकावेच लागे. 18 जानेवारी 1982 रोजी गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला. त्यानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली. पण वाकून करायची कामे बंद झाली नाहीत. अड्ड्यावर जरीकाम करणारा कारागीर, शिवणयंत्रावरचा शिंपी, झवेरी बाजारातील सोनार, गणपतीच्या डोळ्यांची आखणी करणारा लालबागचा मूर्तिकार, या सर्वांची मान दिवसभर खालीच असते.

उर्दू वृत्तपत्रांच्या कातिबांचेही असेच होते. मुंबईचे 'इन्किलाब' हे दैनिक 1938 साली सुरू झाले. त्या काळी उर्दू वर्तमानपत्राचा प्रत्येक शब्द कातिब हाताने लिहीत. एक गुडघा उभा करायचा, त्यावर कागद टेकवायचा आणि मान झुकवून तासन् तास बोरू चालवायचा. 1994 मध्ये 'इनपेज' नावाची संगणक प्रणाली आली आणि नस्तालीक लिपीत संगणकावर लिहिणे सोपे झाले. बोरू गेला, कळफलक आला. मान मात्र झुकलेलीच राहिली. यावरून एक गोष्ट लक्षात येते. दोष एकट्या मोबाइलचा नाही, एकट्या पुस्तकाचाही नाही. फार वेळ एकाच स्थितीत राहणे, हा खरा दोष आहे.

शाळेच्या दप्तराची गोष्टही यातलीच आहे. जड दप्तर पाठीला मागे ओढते. तोल सांभाळण्यासाठी मूल पुढे वाकते. प्रसिद्ध लेखक आर. के. नारायण राज्यसभेचे सदस्य होते. त्यांनी 1989 मध्ये सभागृहात मुलांच्या जड दप्तरांचा प्रश्न मांडला. ओझ्यामुळे मुलांना वाकून चालायची सवय लागते, असे त्यांनी सांगितले. पुढे प्रा. यशपाल यांच्या समितीने 1993 मध्ये ओझ्याविना शिक्षणाचा अहवाल दिला. महाराष्ट्र शासनाने 2015 मध्ये निर्णय काढला, की दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या 10 टक्क्यांहून अधिक नसावे. तुमचे वजन 40 किलो असेल, तर दप्तर 4 किलोपर्यंतच हवे. वेळापत्रक पाहून दप्तर भरा. दोन्ही पट्टे दोन्ही खांद्यांवर घ्या. एकाच खांद्यावर लटकवलेले दप्तर ऐटीत दिसते खरे, पण तो खांदा दुखू लागतो.

काही कारणे डोळ्यांत असतात. फळ्यावरचे नीट दिसत नसेल, तर मूल नकळत मान पुढे काढते. वहीवरचे अक्षर दिसत नसेल, तर नाक वहीला लागते. अशा वेळी "सरळ बस" असे शंभरदा सांगूनही उपयोग होत नाही. नेत्रतपासणी करून घ्यावी. चष्मा लागला, तर संकोच करू नये.

आणखी एक कारण मनात असते. वर्गातील उंच मुले आपली उंची लपवण्यासाठी वाकतात. वयात येणाऱ्या मुली शरीरातील बदलांच्या संकोचाने खांदे पुढे आणून चालतात. मुलींनो, वाढ होणे यात लाजण्यासारखे काही नाही. मुलांनो, कोणाच्या चालण्याला हसू नका. तुम्ही एकदा हसता, पण ती मान वर्षानुवर्षे खाली राहते.

आपल्या घरांत जागा थोडी असते. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे राहत असतील, तर अभ्यासाचे टेबल कोठून येणार? पण युक्ती करता येते. कुरआन शरीफ ठेवण्यासाठी आपल्या घरी रेहल असते. ती ग्रंथाला जमिनीपासून उचलून धरते, म्हणून वाचणाऱ्याला फार वाकावे लागत नाही. अभ्यासाच्या पुस्तकासाठी आपण तशीच सोय करू. एक लाकडी फळी घ्या. तिचे पुढचे टोक एखाद्या डब्यावर किंवा उशीवर टेकवा. फळीला उतार आला, की पुस्तक डोळ्यांसमोर येते. जमिनीवर बसताना पाठ भिंतीला टेकवा. मोबाइल पाहायचाच असेल, तर तो डोळ्यांच्या जवळजवळ समोर धरा. झोपताना दोन-दोन उशा घेऊ नका. आणि दर अर्ध्या तासाने उठा. माठातले पाणी प्या, गॅलरीत चार पावले चाला, मग पुन्हा बसा.

आता व्यायाम पाहू. त्यांना पैसे लागत नाहीत.

1. हनुवटी मागे घेणे : सरळ बसा. नजर समोर ठेवा. हनुवटी वर-खाली न करता सरळ मागे घ्या. गळ्याशी दुहेरी हनुवटी दिसली, की बरोबर जमले. 5 पर्यंत अंक मोजा आणि सोडा. असे 10 वेळा करा.

2. खांद्यांची पाती जवळ आणणे : हात बाजूला सैल सोडा. पाठीवरची दोन्ही पाती एकमेकांजवळ आणा. खांदे कानांकडे उचलू नका. 5 अंक मोजा. असे 10 वेळा करा.

3. चौकटीत छाती ताणणे : दाराच्या चौकटीत उभे राहा. दोन्ही कोपर खांद्याच्या उंचीवर ठेवून हात चौकटीला टेकवा. एक पाऊल पुढे टाका. छाती ताणली जाईल. 20 अंक मोजा. असे 3 वेळा करा.

4. भिंतीवर हात सरकवणे : पाठ भिंतीला टेकून उभे राहा. हातांचे तळवे समोर करा. हात भिंतीवरून सावकाश वर न्या व खाली आणा. असे 10 वेळा करा.

5. पालथे झोपून छाती उचलणे : पोटावर झोपा. हात अंगाला लावून ठेवा. हनुवटी गळ्याकडे घेऊन छाती थोडीशी उचला. 3 अंक मोजा. असे 8 वेळा करा.

व्यायाम करताना चक्कर आली, हाताला मुंग्या आल्या किंवा कळ आली, तर थांबा. चार दिवसांत फरक दिसणार नाही. निराश होऊ नका. दोन-तीन महिने नेमाने करा. खेळही सोडू नका. पोहणे, खो-खो, मल्लखांब यांनी पाठीचे स्नायू बळकट होतात. दादरच्या शिवाजी पार्कवर समर्थ व्यायाम मंदिरात मुले व मुली मल्लखांब करतात. तेथील प्रशिक्षक उदय देशपांडे यांना 2024 साली पद्मश्री मिळाली. आणि ताठ राहायचे म्हणजे लाकडासारखे ताठर व्हायचे, असे नाही. शरीर सैल असावे, पण सरळ असावे.

काही गोष्टी मात्र कटाक्षाने टाळा. केस कापून झाल्यावर मान झटक्यात वळवून 'कट' असा आवाज काढण्याची रीत काही दुकानांत आहे. त्या झटक्याने मानेतील रक्तवाहिनीला किंवा मज्जातंतूला इजा होऊ शकते. नम्रपणे 'नको' म्हणा. बाजारात पाठ सरळ करणारे पट्टे मिळतात. पट्टा काढला, की पोक परत येते, कारण काम पट्ट्याने केले, स्नायूंनी नव्हे.

प्रत्येक उंचवटा सवयीचा नसतो, हेही लक्षात ठेवा. पोक ही बहुधा सवय असते. ठरवले, तर ती सरळ होते. कुबड मात्र ठरवून सरळ होत नाही. त्याची कारणे निराळी असतात. काही मुलांचे मणके वाढीच्या वयात पुढच्या बाजूने पाचरीसारखे निमुळते होतात. वयस्क माणसांची, विशेषतः स्त्रियांची हाडे ठिसूळ होतात, मणके दबतात आणि पाठ वाकते. आजी हळूहळू वाकू लागली, उंचीने कमी झाली, तर 'वय झाले' म्हणून सोडून देऊ नका. तिलाही डॉक्टरांना दाखवा. स्टेरॉइड नावाची औषधे फार दिवस घेतली, तर मानेमागे मऊ चरबी साचते. म्हणून दम्यावर किंवा सांधेदुखीवर कोणी चिठ्ठीवाचून पुड्या देत असेल, तर त्या घेऊ नका. पण डॉक्टरांनी दिलेले स्टेरॉइड आपल्या मनाने एकदम बंदही करू नका. तेही धोक्याचे आहे.

क्षयरोग फक्त फुप्फुसांचा असतो, असे अनेकांना वाटते. तो मणक्यांनाही होतो. मणका आतून पोखरला जातो आणि पाठीवर टोकदार उंचवटा येतो. पाठ किंवा मान रात्रीही दुखते, बारीक ताप येतो, वजन घटते. पुढे पायांतली शक्ती जाऊ शकते. वेळेवर ओळखला, तर हा रोग औषधांनी बरा होतो. औषधे अनेक महिने घ्यावी लागतात. शासकीय व महापालिकेच्या दवाखान्यांत ती मोफत मिळतात. अशा मुलाला कोणी 'कुबड्या' म्हणून चिडवले, तर ते मूल काय करील? शर्टाखाली पाठ लपवील, दुखणे सांगणार नाही आणि उपचाराचे दिवस निघून जातील. एका शब्दाने एवढे नुकसान होऊ शकते.

उपचारासाठी दूर जावे लागत नाही. परळचे के. ई. एम. रुग्णालय 1926 साली सुरू झाले. तेथे 1950 साली कमलाबाई निंबकर यांनी व्यवसायोपचाराची शाळा काढली. कमलाबाई जन्माने अमेरिकन होत्या. त्यांचे माहेरचे नाव एलिझाबेथ लंडी. पुढे त्या भारतात आल्या आणि येथल्याच झाल्या. आजारी माणसाला औषध देऊन भागत नाही, त्याला पुन्हा आपल्या हातांनी काम करता आले पाहिजे, या विचाराने त्यांनी हे शिक्षण भारतात आणले. त्याच सुमारास के. ई. एम. मध्ये भौतिकोपचाराचे शिक्षणही सुरू झाले. पोलिओने अधू झालेल्या मुलांना अशा उपचारांची फार गरज होती. आज लोक ज्याला 'फिजिओथेरपी' म्हणतात, ती हीच. मान आणि पाठ यांचे योग्य व्यायाम हे भौतिकोपचारतज्ज्ञ तपासून सांगतात. मुलांसाठी परळलाच बाई जेरबाई वाडिया रुग्णालय आहे. क्षयरोगासाठी शिवडीला महापालिकेचे रुग्णालय आहे.

मित्रांनो, मान वाकली म्हणून माणूस वाईट ठरत नाही. कातिबाची मान वाकली, ती अक्षर सुंदर यावे म्हणून. कारागिराची मान वाकते, ती मुलांनी शिकावे म्हणून. त्यांच्या मानेला मान द्या. संध्याकाळी अब्बा किंवा अम्मी कामावरून थकून आल्यावर त्यांनाही हनुवटी मागे घेण्याचा व्यायाम शिकवा. तुमची मान मात्र अजून वाढते आहे. तिला आजच सांभाळा. हे पान संपले, की पुस्तक मिटा, उभे राहा आणि खांदे मागे घ्या.

शब्दार्थ

पोक : पाठीला आलेला बाक
कुबड : पाठीवर किंवा मानेमागे आलेला कायमचा उंचवटा
मणका : पाठीच्या कण्यातील एक हाड
अवघडणे : एकाच स्थितीत राहून आखडणे
बोरू : लिहिण्याची लेखणी, कलम
कळफलक : संगणकाची अक्षरे असलेली पट्टी
कटाक्षाने : मुद्दाम लक्ष देऊन
पाचर : एका बाजूने निमुळता असलेला लाकडाचा तुकडा
ठिसूळ : सहज मोडणारे
भौतिकोपचार : व्यायाम, शेक इत्यादींनी केलेला उपचार

वाक्प्रचार

मान ताठ ठेवणे : स्वाभिमानाने वागणे
मान खाली घालणे : लाज वाटणे
मान डोलावणे : होकार देणे
पाठ थोपटणे : शाबासकी देणे
पाठ दाखवणे : पळून जाणे

स्वाध्याय

1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) माणसाच्या मानेत किती मणके असतात?
(आ) 40 किलो वजनाच्या मुलाचे दप्तर जास्तीत जास्त किती वजनाचे असावे?
(इ) के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराची शाळा कोणी काढली?

2. कारणे लिहा.
(अ) मान झुकली, की मानेवरचा भार वाढतो.
(आ) पाठ सरळ करणाऱ्या पट्ट्याचा कायमचा उपयोग होत नाही.
(इ) पाठीवर उंचवटा असलेल्या मुलाला चिडवू नये.

3. पोक आणि कुबड यांतील फरक तुमच्या शब्दांत लिहा.

4. पुढील शब्द दोन निरनिराळ्या अर्थांनी वाक्यांत वापरा. प्रत्येक वेळी शब्दाचे लिंग लिहा.
मान, पाठ

5. वरील पाचही वाक्प्रचारांचा स्वतःच्या वाक्यात उपयोग करा.

उपक्रम

टाचा भिंतीपासून थोड्या पुढे ठेवून भिंतीला पाठ टेकून उभे राहा. हनुवटी वर न उचलता डोके भिंतीला लागते का, ते पाहा. लागत नसेल, तर मधली जागा मित्राकडून बोटांनी मोजून घ्या. तारीख घालून वहीत लिहा. आठ आठवडे व्यायाम करून पुन्हा मोजा.